पुडीवर भांडण, तोंडाकडे पाठ

विदर्भात खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणावर, कारवाईची बातमी आली की तोच वाद नव्यानं पेटतो. अन्न व औषध प्रशासनानं कुठं सुगंधित तंबाखूची पोती पकडली, की पारावर आणि मोबाइलवरच्या गटांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ठेले उचला, विकणाऱ्याला आत टाका, घराघरांत कॅन्सर यांनीच नेला. दुसरा म्हणतो, दारू चालते, सिगारेट चालते, मग गरिबाच्या खर्ऱ्यावरच डोळा का? ठेलेवाल्यानं लेकरं कशी पोसायची? आणि खाणाऱ्याला काय कळत नाही? दोन्ही बाजू तावातावानं बोलतात, दोन्हीकडं थोडंफार खरं आहे, आणि दोन्हींचं सगळं लक्ष पुडीवर आहे. ज्याच्या गालफडात ती पुडी वीस वर्षं रिकामी होत आली, त्याच्या तोंडात आज काय चाललं आहे, हा प्रश्न या वादात येतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बंदी हवी आणि ती नीट राबवायला हवी. पण जे आजवर खात आले त्यांच्यातला कॅन्सर लवकर सापडणं हा बंदीइतकाच मोठा सार्वजनिक प्रश्न आहे. तोंडाच्या कॅन्सरची जनजागृती म्हणून आपण जे करतो, म्हणजे ३१ मेची तंबाखूविरोधी दिनाची रॅली, सडलेल्या गालाचे फोटो आणि शाळेतलं भाषण, त्यानं हा प्रश्न सुटत नाही. गावातल्या प्रत्येक तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या तोंडात शिकलेल्या माणसानं उजेड पाडून बघणं आणि शंका आली तर त्याला शेवटपर्यंत सोबत करणं, हे घडत नाही तोवर जागृतीवर होणारा खर्च बराचसा वाया जातो.

प्रश्न केवढा आहे ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे १ लाख ४० हजारांहून जास्त नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ८० हजार माणसं त्यानं गेली. पुरुषांमध्ये आपल्या देशात हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांपैकी जवळपास एक जण बिनधुराचा तंबाखू खाणारा निघाला. विदर्भात त्यात खर्ऱ्याची भर. ठेल्यावर पन्नी पसरून कतरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करायचा, पाण्याचा हात लावून रंग चढेपर्यंत घोटायचा आणि पन्नीतच बांधून द्यायचा. यातला तंबाखू वगळला तरी माल निर्धोक होत नाही. नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे त्याच संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलं आहे. गावात मात्र ‘मी तंबाखू नाही खात, साधी सुपारी खातो’ असं आजही निर्धास्तपणे सांगितलं जातं.

सुपारी गालाला आतून ताठ करत जाते. निरोगी माणसाची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात सहज जातात. खर्रा खाणाऱ्याचं आधी तिसरं बोट अडतं, मग दुसरं. तिखट झोंबायला लागतं. कालपर्यंत ठेच्याशी भाकर खाणारा माणूस ‘रस्सा बेताचा कर’ म्हणतो, मग भाकर वरणात चुरून मागतो, मग घास लहान करतो. घरातल्या बाईला हे डॉक्टरच्या कितीतरी आधी कळतं, कारण ताट तीच वाढते. पण तिला कुणी सांगितलेलं नसतं की झोंबणं हे लक्षण आहे. पुढं गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा नाही तर लाल चट्टा उमटतो, किंवा एखादा छाला पडतो आणि तो भरून येत नाही.

सुरुवातीचा चट्टा किंवा छाला बहुतेक वेळा दुखत नाही. या रोगातली सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. आपल्याकडं दवाखान्याची पायरी चढायची ती दुखलं तर. हंगामाच्या दिवसांत मजुरी पाडून, एसटीचं भाडं घालून, न दुखणाऱ्या फोडासाठी तालुक्याला कोण जाईल? ‘गरमीनं झाले असतीन छाले’ म्हणून मेडिकलमधून जीवनसत्त्वाच्या गोळ्या येतात. दात हलतो तर दात काढला जातो, आणि दाताची जागा भरत नाही याकडंही कुणी वळून बघत नाही. मग कापूस निघू दे, मग तूर विकू दे, मग पोरीचं लग्न होऊ दे. मानेत गाठ आली की सगळे घाबरतात आणि नागपूरची गाडी धरतात.

या दिरंगाईची किंमत फार मोठी आहे. गालावर किंवा जिभेवर लहान असतानाच सापडलेला कॅन्सर अनेकदा एका मर्यादित शस्त्रक्रियेत निघतो. माणूस बोलतो, जेवतो, पुढच्या हंगामात शेतात उभा राहतो, आणि अशा रुग्णांपैकी बहुसंख्य पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. तोच कॅन्सर हाडापर्यंत आणि मानेच्या गाठींत गेला की अर्धा जबडा काढावा लागतो, छातीचं मांस लावून गाल भरावा लागतो आणि वर पाच-सहा आठवडे रोजचं रेडिएशन घ्यावं लागतं. एवढं सोसूनही निम्म्याहून अधिक जण हाती लागत नाहीत. रोग तोच, माणूस तोच. फरक पडतो तो मधल्या काही महिन्यांनी.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं घेऊ. पहिला आक्षेप व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांचा, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, हा रोग जवळजवळ पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे. मूळ सोडून शेंड्याला पाणी कशाला घालता? तपासणीच्या नादी लागलात तर तंबाखूचा धंदा करणाऱ्यांना आयतीच पळवाट मिळेल, ‘खा, आणि वर्षातून एकदा तोंड दाखवा’. हे खरं आहे की तंबाखू-सुपारी थांबल्याशिवाय हा आकडा खाली येणार नाही. महाराष्ट्रानं २०१२ च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी आणली, पुढं सुगंधित तंबाखू-सुपारीही त्यात आली, हे योग्यच झालं. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान गावोगाव संघटना बांधतं आहे, ते कामही मोलाचं आहे.

पण बंदी उद्यापासून शंभर टक्के पाळली गेली असं धरू. ज्यानं पंधराव्या वर्षी सुरू केलं आणि आज जो पंचेचाळीसचा आहे, त्याच्या गालातला धोका उद्या सकाळी उतरतो का? तो उतरायला वर्षं लागतात, आणि ताठ झालेला गाल पुरता पूर्ववत होतच नाही. बंदी पुढच्या पिढीला वाचवेल. या माणसाला कोण वाचवणार? दारूबंदीचा इतिहास आपल्यासमोर आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. इतक्या वर्षांत आपण महसूल मोजला, पकडलेल्या बाटल्या मोजल्या, कोण जिंकलं कोण हरलं ते मोजलं. ज्यांचं यकृत आधीच गेलं होतं ते ना बंदीवाल्यांच्या हिशेबात आले, ना विरोधकांच्या. खर्ऱ्याच्या बाबतीत तीच चूक आपण डोळ्यांदेखत पुन्हा करतो आहोत.

शिवाय तपासणी आणि व्यसनमुक्ती यांना एकमेकींच्या विरुद्ध उभं करणंच चूक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९७७ पासून केरळ, आंध्र आणि गुजरातच्या ग्रामीण भागांत सुमारे ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांवर एक मोठा अभ्यास केला. त्यांची तोंडं ठरावीक काळानं तपासली, त्यांना समजावून सांगितलं. सल्ला मिळालेल्यांत सोडणारे वाढले आणि कॅन्सरपूर्वीचे नवे चट्टे घटले. नवल काय त्यात? स्वतःच्या गालातला पांढरा चट्टा आरशात दाखवून ‘हे अजून परत फिरू शकते’ असं जो सांगतो, त्याचं म्हणणं माणूस फलकापेक्षा जास्त मनावर घेतो.

दुसरा आक्षेप असा की जागृती भरपूर झाली आहे, लोक जाणूनबुजून खातात, त्यांना सोडून द्या. २०१६ पासून तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग चित्रानं व्यापलेला आहे. शरद पवार स्वतःच्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलत आले आहेत. फेब्रुवारी २०१५ मध्ये आर. आर. पाटील गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला होता. तरीही ठेल्यावरची गर्दी कमी झाली नाही, हे मला मान्य आहे. पण लोकांना काय माहीत आहे, हे जरा बारकाईनं बघा. त्यांना एवढंच माहीत आहे की कॅन्सर झाला की माणूस मरतो आणि घरची शेती विकली जाते. तो लवकर सापडतो आणि लवकर सापडला तर बरा होतो, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. सुटकेची वाट न दाखवता नुसती भीती घातली, तर माणूस रोग लपवतो.

हे आपल्याला विदर्भात तरी नव्यानं शिकायची गरज नाही. महारोगाचं काय झालं होतं? अंगावर फिकट, बधिर चट्टा उठला की माणूस तो सदऱ्याखाली झाकायचा, कारण चट्टा दिसला की गावाबाहेर काढतील ही खात्री. बोटं झडेपर्यंत कुणी उजेडात येत नसे. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम उभारलं, शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये अमरावतीला तपोवन काढलं, बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन वसवलं. टाकलेल्या माणसांना या लोकांनी घर दिलं. आणि १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक निधीतून उभ्या राहिलेल्या कुष्ठरोग संस्थेनं पुढचं पाऊल टाकलं. रोगी येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते घरोघर गेले, माणसांची त्वचा पाहिली, चट्टा तपासला, समजावलं आणि गावातच गोळ्या दिल्या. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार, असा तो क्रम होता, आणि १९५५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानं तोच उचलला. त्या क्रमात सर्वेक्षण पहिलं आहे आणि शिक्षण उपचाराला लागून आहे. चट्टा दाखवला तर हातपाय शाबूत राहतात, हे शेजारच्या घरात दिसलं तेव्हा लोकांनी सदरा वर केला. व्याख्यानांनी ते झालं नसतं.

मग ज्या वर्ध्यानं देशाला त्वचेवरचा चट्टा घरोघर जाऊन शोधायला शिकवलं, त्याच मुलखात तोंडातला चट्टा मानेत गाठ येईपर्यंत का थांबतो? तोंड तर पाहायला सोपं. यंत्र लागत नाही. टॉर्च, हातमोजे, लाकडी पट्टी आणि पाच मिनिटं पुरतात.

यावर जाणकार तिसरा आक्षेप घेतात: सरसकट तपासणीनं जीव वाचतात याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. या विषयावरचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच देशात, केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झाला. पस्तिशीवरच्या जवळपास १ लाख ९० हजार लोकांवर तो झाला, आणि तोंडं तपासणारे डॉक्टर नव्हते. त्यासाठी खास शिकवलेले साधे पदवीधर होते. २००५ मध्ये निष्कर्ष आले. सगळ्या लोकसंख्येचा मिळून विचार केला तर मृत्यूंतली घट खात्रीनं सांगण्याइतकी ठरली नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. याचा अर्थ सरळ आहे: गावातल्या झाडून सगळ्यांची तोंडं उघडायची गरज नाही, जे खातात त्यांची उघडा. आणि खेड्यात कोण खातो हे शोधायला सर्वेक्षण कशाला पाहिजे? सगळ्या गावाला ठाऊक असतं. मात्र बायकांना विसरू नका. निंदणाच्या पाळीवर कमरेच्या बटव्यातून निघणारा तंबाखू आणि पूर्वेकडं दाताला लागणारी गुडाखू, म्हणजे तंबाखू-गुळाची पेस्ट, कुणाच्या हिशेबात नसते.

त्याच प्रयोगातली एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. शंका आली म्हणून ज्यांना पुढं पाठवलं, त्यांतले तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलेच नाहीत. रस्ते, दवाखाने, साक्षरता, सगळं बरं असलेल्या केरळात हे झालं. मग आपल्या विदर्भातल्या दुर्गम भामरागड, धारणी किंवा झरी-जामणीत काय होईल?

इथंच चौथा आणि माझ्या मते सगळ्यात खरा आक्षेप येतो, तो गावात काम करणाऱ्यांचा. आशाताईवर आधीच किती ओझं? आणि शोधून काढलं तरी पुढं नेणार कुठं? उपचाराची सोय नसताना रोग सांगणं ही क्रूरता आहे, असं ते म्हणतात. कागदावर सगळं आहे. तीस वर्षांवरच्या सर्वांची पाच वर्षांतून एकदा तोंडाची तपासणी, हे केंद्राचं धोरण २०१६ पासून आहे. आशाताईच्या फॉर्मवर न भरणारी जखम, चट्टा, तोंड उघडायला त्रास, हे प्रश्नही आहेत. पण ते विचारायचे प्रश्न आहेत. ओसरीवर बसलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, खूण होते आणि फॉर्म पूर्ण होतो. वयानं जेठासारख्या माणसाला ‘आ करा’ म्हणणं गावातल्या सुनेला किती अवघड आहे, याचा विचार मुंबई-दिल्लीत कुणी केला असेल असं वाटत नाही. २०१७ च्या डिसेंबरात राज्यभर मौखिक तपासणीची मोहीम झाली. चांगली होती, पण मोहीम महिन्याभराची असते आणि चट्टा त्यानंतरही उठतो. परिणाम काय, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांपैकी आयुष्यात एकदा तरी तोंडाची कॅन्सरसाठी तपासणी झालेले देशभरात १.२ टक्के निघाले. बायकांत ०.९.

पण हा आक्षेप तपासणी सोडून द्या असं सांगत नाही, ती नीट करा असं सांगतो. आशाताईनं यादी करावी, बोलवावं. तोंड पाहण्याचं काम उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं आणि पुरुष आरोग्य सेवकाचं असावं. जागा आठवडी बाजाराची असावी, जिथं माणूस मजुरी न पाडता येतो. आणि उपचाराची सोय अगदीच नाही असंही नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि वर्ध्याकडं सेवाग्रामचं रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार बसतात. खरी खिंड आहे ती चट्टा दिसण्यापासून त्यातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचा, म्हणजे बायोप्सीचा, रिपोर्ट हाती येईपर्यंतची. योजना लागू होते निदान झाल्यावर. त्याआधीच्या चकरा, भाडं, बुडालेली मजुरी आणि भीती, सगळं माणसाच्या एकट्याच्या अंगावर. पुष्कळ माणसं इथंच गळतात.

त्यात ‘लोखंड लागलं का मंग पसरते’ ही समजूत. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. ही समजूत आली कुठून ते मात्र समजून घ्यायला हवं. गावानं जे रुग्ण पाहिले ते सगळे उशिरा गेलेले. तुकडा काढला, ऑपरेशन झालं आणि सहा महिन्यांत माणूस गेला. लोकांनी आधी घडलं त्याला कारण मानलं. लवकर गेलेला आणि बरा होऊन परतलेला माणूस गावात फिरत असता, तर ही समजूत टिकली नसती. म्हणून अडाणीपणाच्या नावानं बोटं मोडण्यापेक्षा असे बरे झालेले चार जण प्रत्येक तालुक्यात तयार करणं जास्त गरजेचं आहे.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो शासनाच्या आवाक्यातला आहे. माणसाला नागपूरला पाठवण्याआधी तुकडा नागपूरला पाठवा. ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतचिकित्सक आहेत, तिथं ठरलेल्या दिवशी, जागा बधिर करून, गालातला लहानसा तुकडा काढता येतो. तो औषधाच्या बाटलीत घालून मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि रिपोर्ट परत तालुक्याला येऊ शकतो. ज्यांचा निर्दोष आला त्यांची नागपूरची खेप वाचली. ज्यांचा दोष निघाला त्यांच्या हातात निदान आहे, योजनेचा कागद आहे, आणि कोणत्या दिवशी कुठं जायचं हेही ठरलेलं आहे.

तोवर घरी करण्यासारखंही थोडं आहे. महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरशासमोर ओठांच्या आत, दोन्ही गालांत, हिरड्यांवर, जिभेच्या कडांना आणि जिभेखाली पाहावं, बोट फिरवून कडकपणा लागतो का ते बघावं, तीन बोटं जातात का ते तपासावं, मानेत गाठ चाचपावी. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम असली, तर दुखो वा न दुखो, दंतचिकित्सकाला दाखवावी.

ठेलेवाल्याबद्दल बोलायचं राहिलं. त्याचं पोट हा वादातला हुकमी मुद्दा आहे. पण त्याचं तोंड? दिवसभर घोटता घोटता स्वतः खाणारे ठेलेवाले कमी नाहीत, आणि त्यांच्या बाजूनं भांडणाऱ्यांपैकी एकानंही त्यांना ‘आ करा भाऊ’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. कारवाईला जाणाऱ्या पथकासोबत तोंड तपासणारा एक माणूस जाऊ द्या, दंडाच्या पावतीसोबत तपासणीची चिठ्ठी द्या. आणि ग्रामसभेनं दर तीन महिन्यांनी आरोग्य विभागाला एवढंच विचारावं: गावातल्या खाणाऱ्यांच्या यादीतल्या किती जणांची तोंडं पाहिली, किती जणांना शंकेवरून पुढं पाठवलं, आणि त्यांतले किती जण खरोखर पोचले. तिसरा आकडा विचारल्याशिवाय पहिल्या दोघांवर विश्वास ठेवू नका.